बिमलाच्या सावलीतली भिंत

धारगळच्या आमच्या घराची मावळतीकडची भिंत वर्षातले आठ महिने काळी असायची, आणि उरलेले चार महिने आम्ही तिच्याकडे बघायचं टाळायचो. घर तसं देखणं होतं. चिऱ्याचं, वर चुन्याचा गिलावा, मंगलोरी कौलं, पुढे बसायला बल्कांव. रस्त्यावरून जाणारा मान वळवून बघेल असं. पण वळसा घालून मागे गेलं की सगळा दिमाख उतरायचा. पावसाचा मारा नेमका त्याच अंगाने. सासरे होते तोवर मे महिन्यात माडाच्या चुडतांचे झाप विणून भिंतीला बांधायचे. ते गेले, झापही गेले, आणि त्यानंतर भिंतीने जो रंग धरला तो सोडायलाच तयार होईना. आमच्याकडे त्याला बुरो म्हणतात. पापडावर येतो तोही बुरो, कपाटातल्या चपलेवर येतो तोही बुरो, आणि भिंतीवरचाही बुरोच. हात लावला की बोटं काळी, बुळबुळीत व्हायची.

त्या भिंतीच्या आत सासूबाईंची खोली. त्यांना मी मांय म्हणत असे. मांयची सगळी बाळंतपणं त्या खोलीत झाली होती, आणि तिथल्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, बसथांब्याकडे जाणारी पायवाट दिसायची. कोण म्हापशाला चाललं, कोण हात हलवत परत आलं, कुणाच्या पिशवीतून बाजाराचे पाव डोकावत होते, याची बित्तंबातमी आम्हाला घरबसल्या मिळायची. मात्र ही टेहळणी तिला वाकून, मान तिरकी करून करावी लागे. कारण जनेलासमोर तिचं बिमलाचं झाड होतं.

ते झाड मांयने माहेरून आणलं होतं, सिंधुदुर्गातून. तेव्हा मधे सरहद्द होती आणि नाक्यावर पाखल्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा, पहारा. केळीच्या सोपात गुंडाळलेलं ते हातभर रोप बघून शिपायाने संगिनीचं टोक मातीत खुपसून तपासणी केली म्हणे. सासरे लाजेने लांब जाऊन उभे राहिले. नवी नवरी मात्र जागची हलली नाही. रोप परत हातात मिळेपर्यंत ती त्या शिपायाकडे टक लावून बघत राहिली, असं ती स्वतःच सांगायची, आणि दर वेळी त्या शिपायाच्या मिशा थोड्या वाढायच्या.

त्या झाडाने घर पोसलं हेही खरं. बुंध्यापासून हिरव्या, आंबटढाण बिमलांचे घोसच्या घोस लागायचे. बांगड्याच्या आमटीला बिमलं, लोणच्याला बिमलं, आणि तांब्यापितळेच्या भांड्यांना तर बिमलांशिवाय हात लावायची सोय नव्हती. आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा भाण चुलीवर काळाठिक्कर पडायचा. मांय दगडावर बिमलं ठेचून तो घासायची आणि आत तोंड दिसेपर्यंत सोडायची नाही. मी डिचोलीकडून आलेली. आमच्याकडे चिंच वापरत. मी एकदा चिंच घेतली तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भाणाला चिखल फासत होते.

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यावरची गोष्ट. श्रावणात मांयला धाप लागली. आधी नुसती शिट्टी वाजल्यासारखा श्वास. माझी खोली भिंतीपलीकडे, त्यामुळे मला ती शिट्टी ऐकू यायची आणि मी पडल्या पडल्या ऐकत राहायचे. मग एका संध्याकाळी ती जनेलाचे गज धरून उभी राहिली आणि तिला बोलताच येईना. आमचे हे खाणीवर ट्रक चालवायचे. पावसात खाणी बंद, म्हणून ते घरी होते, नशीबच. शेजाऱ्याच्या जीपमधून तिला पेडण्याला नेलं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि विचारलं, "कुठच्या खोलीत झोपतात?" मी त्या भिंतीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, बुरशी आहे तिथे ठेवू नका, खोली बदला नाहीतर भिंत.

खोली बदलायचं नाव काढताच मांयने पाठ फिरवली. मग थोरले दीर म्हापशाहून आले. त्यांचा तिथे तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलत नाही. मी दारात उभी असूनही ते ह्यांच्याकडे बघून बोलत होते.

"आवशीक मी म्हापशाक व्हरतंय. दिवाळी झाली की. हंय ती जगाची नाय."

पुढचे दोन दिवस मांय जनेलाजवळ बसली, पण पायवाटेवरून कोण गेलं ते तिने एकदाही सांगितलं नाही. ती गप्प बसली याचीच मला भीती वाटली. ह्या बाईला तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं तर ती धापेने नाही, गप्प बसून मरेल, हे मला लख्ख दिसलं.

शेजारीण मला म्हणाली, "सुटलंस गो तू!" तिला वाटलं मी खूश होणार. मी उलट तिच्यावरच चिडले. मांयचं आणि माझं पटत होतं अशातला भाग नाही. मिठावरून भांडण, केरसुणी कुठे ठेवायची यावरून भांडण. पण हे दिवसभर खाणीवर, घरात मूलबाळ नाही, आणि भांडायला एक हक्काचं माणूस होतं. तेही न्यायचं? मी ठरवलं. दिवाळीच्या आत ही भिंत पांढरी करायची आणि मांयला तिच्या खोलीत ठेवायचं. कुणाला विचारलं नाही.

आधी रंगाऱ्याला बोलावलं. त्याने भिंत बघून डोकं खाजवलं. वरून रंग मारला तर आतला बुरो पुढच्या पावसात रंगासकट बाहेर येईल, म्हणाला. गिलावा फोडून नवा करा. म्हणजे तो गेला तेव्हा मी होते तिथेच.

उपाय सापडला तो विहिरीवर. दर पावसात आरोग्य खात्याचे लोक येऊन गावच्या बांयत ब्लीचिंग पावडर टाकून जायचे. त्यानंतर कित्येक दिवस मांय ते पाणी तोंडात घ्यायची नाही, पेजेलाही तो वास येतो म्हणायची. त्या दिवशी कळशी उचलताना मला दिसलं, बांयच्या कठड्यावर सगळीकडे शेवाळ आणि काळं, पण जिथे पावडर सांडली होती तिथे चिरा नव्यासारखा लाल. ओंजळभर जागा, पण स्वच्छ. मी कळशी खाली ठेवली आणि ती जागा बोटाने घासून बघितली. बोट काळं झालं नाही.

पेडण्याच्या बाजारातून पावडर आणली. ह्यांनी पुडा बघितला आणि हसले.

"बांयत घालतत ता वणतीक लावतलस?"

"लावतलंय," मी म्हटलं. "तुमी निसण तेवढी काडून दिया."

शिडी मिळाली. ज्ञान मात्र कुणी दिलं नाही, ते चुकत चुकत घ्यावं लागलं. न्हाणीच्या मागचा एक कोपरा मी प्रयोगाला धरला. पहिल्यांदा चिमूटभर पावडर बालदीभर पाण्यात टाकली. बुरो माझ्याकडे बघून हसला. दुसऱ्या खेपेला रागाच्या भरात बचकभर ओतली. त्याच्या गुठळ्या झाल्या, बोटांची सालं निघाली, आणि भिंतीवरचा चुना पावडरीसारखा हातात आला. साडीवर जिथे थेंब उडाले तिथे निळ्याचं पिवळं झालं. ती साडी मग भिंतीलाच वाहिली.

हळूहळू जमलं. पावडर आधी प्लॅस्टिकच्या टोपात थोड्या पाण्यात कालवायची, भज्याच्या पिठासारखी, गुठळी राहू द्यायची नाही. मग बालदीत पाणी घेऊन त्यात ती सोडायची. एका बालदीला एक करवंटी, तीही काठोकाठ नको. बांबूच्या काठीने ढवळायचं आणि झाकून ठेवायचं. खाली पांढरा चुना बसतो, वर निवळ राहते. ती निवळ जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घ्यायची. धातूचं भांडं वापरायचं नाही, पत्र्याच्या डब्याला एका सकाळीत गंज चढला होता. आज कालवलेलं आजच वापरायचं, उद्या त्यात जीव राहत नाही. आणि वारा आपल्या पाठीमागून येतोय ना, हे पदर नाकाला बांधायच्या आधी बघायचं.

दसरा झाला, ऊन पडलं, खाणी सुरू झाल्या. हे पहाटे जायचे आणि लाल धूळ होऊन परत यायचे. मी पदर खोचला. मांयला सांगून ठेवलं होतं की मी काम करत असेपर्यंत तिने शेजारणीकडे बसायचं, कारण तो वास तिच्या छातीला सोसायचा नाही. ती कुरकुरत गेली. भिंतीखाली माझी अबोलीची झाडं होती, त्यांच्या मुळांत आधी भरपूर पाणी सोडलं आणि वर ओली पोती टाकली. बालदी कालवून निवळायला ठेवली आणि भिंत ओली करायला पाणी हवं म्हणून बांयवर गेले.

मांय शेजारणीकडे किती वेळ बसणार! माझी पाठ वळली असेल नसेल, ती परत आली. तिने फडकं उचलून बालदीत बघितलं. त्यात नुसतं पाण्यासारखं पाणी. एवढ्या पाण्याने हा बुरो जातो होय? डिचोलीच्या पोरीला काय कळतंय? तिने झाडाची ओटीभर बिमलं काढली, दगडावर ठेचली, आणि रस, चोथा, सगळं बालदीत घातलं. वर काठी घेऊन, वाकून, मन लावून ढवळायला लागली.

मी कळशी घेऊन वळले तो बालदी फसफसत होती, आणि मांय तिच्यावर वाकलेली. जवळ येताच नाकात, घशात आग शिरली, डोळे मिटले. मी कळशी टाकली. मांयला मागून कमरेत धरलं आणि अक्षरशः फरफटत नेलं, वाऱ्याच्या उलट अंगाला, अंगणातून रस्त्यापर्यंत. ती खोकत होती, श्वास आत जात नव्हता, ओठ जांभळे पडत होते. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शेजारणीचा नवरा धावत आला आणि त्याने रस्त्यावरचा टेम्पो हात करून थांबवला.

पेडण्याला तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टर मला विचारत होते, "बालदीत काय मिसळलं होतं?" मी सांगितलं, पावडर आणि पाणी, दुसरं काही नाही. शपथ घेऊन सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. तेवढ्यात खाटेवरून एक हात वर झाला. मांयने नाकावरचा मास्क बाजूला केला.

"बिमलां," ती म्हणाली, आणि मास्क परत लावला.

डॉक्टर म्हणाले, आंबट आणि ब्लीचिंग एकत्र आलं की विषारी वायू सुटतो, बंद खोलीत असती तर हाती लागली नसती. मांय डोळे मिटून ऐकत होती. परत येताना गाडीत तिने मला एवढंच सांगितलं, "तांब्याचो काळो जाता, मगे वणतीचो कित्याक जावचो नाय?" मला तिच्या या तर्कात आजही खोट काढता येत नाही. तिने आयुष्यभर काळं घालवलं ते बिमलांनीच.

दुसऱ्याच दिवशी दीर आले. ह्यांच्याकडे बघत, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दिवाळी नको नि काय नको. आजच व्हरतंय. हंय तिका मारून घालतली."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. वर्षानुवर्षं पाळलेली रीत त्या क्षणी गेली. मी पुढे आले आणि सरळ त्यांनाच म्हणाले, "दादा, तुमीच दिवाळी म्हटल्यात. दिवाळीसर माका भिंत करूंक दिया. नाय झाली तर मी सोता तिका म्हापशाक हाडून सोडतंय."

माझ्याकडे बघावं की नाही हेच दिरांना कळेना. हे खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते. आणि आतून आवाज आला, चिरका, पण स्वच्छ.

"बिमलां मिया घातलंय. तिणां नाय. आणि दिवाळीसर मी खंयच येवचंय नाय."

दीर पुढच्या बसने गेले.

मी परत बालदी कालवली. या वेळी मांय शेजारणीच्या बल्कांवात, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून लांबून पहारा करत होती, आणि बालदीच्या जवळ कुणी फिरकलं तर ओरडत होती. मांजरालाही तिने जाऊ दिलं नाही. मी भिंतीला खालून वर जात होते. वरून सुरुवात केली की ओघळ खाली उतरतात आणि त्यांचे पट्टे मग जन्मभर दिसतात, हे कोपऱ्यात शिकले होते. ऊन तापायच्या आत निवळ लावायची, ती सुकायच्या आत सोडणाने, म्हणजे नारळाच्या सालीने घासायचं, मग पाणी मारायचं. काळं पाणी पायाशी वाहायचं. हाताला चिंध्या बांधल्या होत्या तरी बोटं चिरली. खांदे भरून यायचे. रोज सकाळी वाटायचं, आज नको. मग भिंतीपलीकडची ती शिट्टी आठवायची आणि मी टोप हातात घ्यायचे. हे सुट्टीच्या दिवशी न बोलता शिडीवर चढले आणि कौलांखालची पट्टी त्यांनी घासून दिली. दिवाळीच्या आदल्या दिवशी भिंतीवर चुन्याचे दोन हात मारले. नरकचतुर्दशीला पोहे खाऊन मांयने पहिल्यांदा मागे जाऊन भिंत बघितली. तळहात टेकवला, उचलून बघितला, परत टेकवला.

"बरी झाली," म्हणाली. तिच्या तोंडून माझ्यासाठी एवढं मोठं कौतुक मी तोवर ऐकलं नव्हतं.

दिवाळी सरली आणि दीर ठरल्याप्रमाणे आले, नव्या इस्त्रीच्या शर्टात, मांयची पेटी न्यायला. भिंत त्यांनीही बघितली. खोलीत जाऊन वास घेतला. माणूस वाईट नव्हता, आईच्या जीवाला घाबरलेला होता. त्यांनी या वेळी माझ्याकडे बघून विचारलं, "आणि पावसात? परत काळी जातली मगे?"

मी पदराने जनेलाचे गज पुसायला लागले. कारण होणारच होती. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुपारचं ऊन त्या भिंतीला मिळतच नव्हतं, वारा फिरकत नव्हता. ओल सुकायला वावच नव्हता. कितीही करवंट्या कालवल्या तरी पुढच्या श्रावणात आम्ही परत पेडण्याच्या दवाखान्यात असतो. पण ते बोलायचं म्हणजे त्या झाडाचं नाव घ्यायचं, आणि ते नाव माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

मांय माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने जनेलाबाहेर बघितलं.

"तुका म्हायत होतां?" तिने मला विचारलं.

"होय, मांय."

"मगे सांगूंक नाय कित्याक?"

"तुमी ऐकला असतां?"

"नाय," ती म्हणाली. मग ती थोरल्या मुलाकडे वळली. "शर्ट काड. मांगराक कुराड आसा."

दीर नको नको म्हणत होते, आवशी, म्हापशाला चल, झाड कशाला. तिने ऐकलं नाही. फक्त आधी सगळी बिमलं उतरवून घ्यायला लावली. टोपलीभर निघाली. ती टोपली आणि तांब्याचा भाण घेऊन ती घराच्या पुढच्या अंगणात जाऊन बसली, जिथून झाड दिसत नव्हतं. मागे कुऱ्हाडीचा घाव पडला की इकडे तिचा हात भाणावर जोराने फिरायचा. मी जवळ बसले होते. तिने मला मदत करू दिली नाही आणि ऊठ, जा असंही म्हटलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने लपवलं नाही. मलाही रडू आवरेना. फांद्या मोडल्याचा मोठा आवाज आला तेव्हा तिचा हात थांबला. भाण लालभडक झाला होता.

संध्याकाळी दीर रिकाम्या हाताने म्हापशाला निघाले. मी चहाचा कप घेऊन मांयच्या खोलीत गेले. मावळतीचं ऊन जनेलातून थेट तिच्या खाटेपर्यंत आलं होतं. इतक्या वर्षांत त्या खोलीत ते मी कधी बघितलं नव्हतं. ती जनेलाशी उभी होती, सरळ, मान तिरकी न करता. तिथून आता पायवाट पूर्ण दिसत होती, पार बसथांब्यापर्यंत. दीर चालले होते. नवा शर्ट पाठीवर घामाने चिकटलेला.

मी तिच्या मागे उभी राहून तिचा श्वास ऐकत होते. आत जात होता, बाहेर येत होता. शिट्टी नव्हती.

बस आली. मुलगा चढला. बस धुरळा उडवत गेली तरी ती हलली नाही. मग हात मागे करून तिने चहाचा कप घेतला.

"थांब्यापर्यंत दिसता गो," ती म्हणाली. "वळान बघूंक मात नाय मेल्यान."